डिलनच्या माइकची वायर कुणीही तोडली नव्हती

अमेरिकन गायक बॉब डिलनवरचा तो मेसेज काल गिटार शिकणाऱ्या भाचीने पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, इलेक्ट्रिक घेतली तर ती लोकसंगीताशी बेइमानी होते का?" पोरीच्या डोक्यात हे भरवलं जातंय म्हणून उत्तर देणं भाग आहे. मेसेज म्हणतो: 25 जुलै 1965 ला अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलनने इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा आणली, ज्येष्ठ लोकगायक पीट सीगरने कुऱ्हाडीने माइकची वायर तोडली, श्रोते 'जुडास' (येशूला दगा देणारा शिष्य, म्हणजे गद्दार) ओरडले आणि डिलनने लोकसंगीत कायमचं सोडलं.

आधी कुऱ्हाड. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. बँडसोबतची तिन्ही गाणी त्यात शेवटपर्यंत ऐकू येतात. वायर तुटली असती तर आवाज तिथेच बंद पडला असता. कुऱ्हाड असती तर वायर तोडली असती, असं सीगर बोलले होते, हे मान्य. पण 'नो डायरेक्शन होम' या डिलनवरच्या 2005 च्या माहितीपटात त्यांनी स्वतःच कारण सांगितलंय: आवाज इतका फाटत होता की शब्द कळत नव्हते. राग गिटारवर नव्हताच.

शब्द का बुडतात? गिटारचा अँप, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, मंचावरूनच थेट श्रोत्यांवर आदळतो. गाणाऱ्याचा आवाज मात्र माइक, आवाज कमी-जास्त करणारा मिक्सर, मग मैदानातले स्पीकर असा फिरून येतो. अँप चढा असला की त्याचा आणि ड्रम्सचा आवाज गाणाऱ्याच्या माइकमध्येही शिरतो. मग माइक वाढवला तर गिटारही वाढते, आणखी वाढवला तर शिट्टी वाजते. उपाय एकच, आधी अँप खाली आणायचा आणि मगच गळा वर घ्यायचा. इथे तर बँडच घाईत जमवलेला, सराव आदल्या रात्रीचा.

'पहिल्यांदा' हेही चूक. त्याच महोत्सवात पॉल बटरफील्ड ब्लूज बँड इलेक्ट्रिक वाद्यांवर वाजवून गेला होता. डिलनने गिटार, बास आणि ड्रम्सवाले त्यातलेच घेतले. 'जुडास' ही आरोळी तर न्यूपोर्टची नाहीच. ती 17 मे 1966 ची, इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली. 'अ कम्प्लीट अननोन' या डिलनवरच्या 2024 च्या चित्रपटाने ती न्यूपोर्टला नेऊन ठेवली आणि आता लोक तोच इतिहास समजतात.

हुर्यो झाली, हे खरं. काही जण गिटारवर चिडले, काही खराब आवाजावर, तर काही तीनच गाण्यांत कार्यक्रम आटोपला म्हणून.

आणि 'सोडलं' म्हणे! मँचेस्टरचा कार्यक्रम ज्यात झाला, त्याच 1966 च्या दौऱ्यात अर्धा कार्यक्रम तो एकटा, साध्या गिटारवर गात होता. 1992 आणि 1993 मध्ये त्याने जुन्या लोकगीतांचे दोन अख्खे अल्बम एकट्याने केले. न्यूपोर्टलाही तो त्याच रात्री साधी गिटार घेऊन परत आला. हार्मोनिका (माउथ ऑर्गन) पेटीसारखी नसते, दहा भोकांची ती एकाच पट्टीची असते, दुसऱ्या पट्टीत गायचं तर दुसरी लागते. त्याला ई पट्टीची हवी होती. कुणाकडे आहे का, असं त्याने मंचावरून विचारलं, आणि त्याच श्रोत्यांनी आपापल्या हार्मोनिका मंचावर फेकल्या.