दोघांचं गाणं एकट्याने कसं करावं

तर भावा, तुला लव्ह साँग करायचंय, तेही डुएट. छानच. फक्त एक गैरसमज आधी डोक्यातून काढून टाक, की डुएटला दोन माणसं लागतात. माणूस एकच लागतो, तू. बाकी लागतो तो 'फिमेल व्हॉइस'. रात्री साडेअकराला मेसेज टाकायचा, "छोटासा फिमेल पार्ट आहे, उद्या अर्ध्या तासात होऊन जाईल." तोपर्यंत तिला नावाने हाक मारायची, पैशांचा विषय निघाला की लगेच ताई म्हणायचं. बहिणीकडून कोण मानधनाचं ऐकून घेतं?

शब्दांचं टेन्शन घेऊ नकोस. काळीज, पाखरू, साजणी, येडं, हे चार पत्ते पिसायचे की मुखडा तयार. तू कोथरूडात वाढलेला, घरी 'मला बोअर होतंय' म्हणणारा, शेताशी संबंध हुरडा पार्टीपुरता, पण गाण्यात मात्र 'जीव थाऱ्यावर न्हाई' असंच म्हणायचं कारण प्रेम हे प्रमाणभाषेत होत नाही असं हल्ली ठरलंय. तुझ्या वाट्याला सोळा ओळी ठेव, तिचे डोळे, तिचे केस, तिचं पैंजण, तिची चाल. तिला चार दे. त्यात तिने एवढंच सांगायचं, की तू बघतोयस हे तिला कळलंय. मग लाजायचं. अजून काय बोलणार ती?

आता पट्टी, म्हणजे हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीला सा धरून गायचं ते. बाईमाणसाचा आवाज साधारण काळी चार, काळी पाचला खुलतो, पुरुषाचा काळी एक किंवा दोनला. जुन्या संगीतकारांनी यावर बरंच डोकं लावलेलं आहे, कुणी मधल्या म्युझिकमध्ये गुपचूप पट्टी बदलायचे, कुणी तिच्या अंतऱ्याची चालच वरच्या सुरांवर बांधायचे, म्हणजे दोघांनाही कसरत न करता गाता यायचं. तू असले उद्योग करू नकोस. गाणं तुझ्या काळी एकमध्येच राहू दे. खाली गायली तर तिच्या घशातून नुसती हवा येईल आणि वर गायली तर किंकाळी, आणि मग कपाळाला आठ्या घालून म्हणायचं, "थोडं फील कमी पडतंय का गं?"

रेकॉर्डिंगला दोघांनी एकत्र यायची तर अजिबात गरज नाही. पूर्वी दोन्ही गायक एका माईकसमोर, मागे सगळे वादक, आणि शेवटच्या ओळीत कुणी चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. म्हणून बिचारे एकमेकांकडे बघत गायचे, श्वास कुठे घ्यायचा ते खुणेने ठरवायचे, ऐकताना वाटायचं यांचं काहीतरी चाललंय बहुतेक. तू तुझा पार्ट मंगळवारी कर, तिचा शनिवारी. तुझ्या बेडरूममध्ये, कपाटाची दारं उघडून म्हणजे कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, पंखा बंद, मे महिना. मी असाच एक अंतरा गायलेय, 'प्राण' या शब्दावर बरोब्बर कुकरची शिट्टी झाली, चार टेक गेले. डुएट होतं, पण ज्याला उद्देशून मी जीव ओवाळत होते तो तेव्हा दुसऱ्या खोलीत वरण-भात जेवत होता.

सूर हलला तर ऑटोट्यून आहेच. 1997 साली ते ज्या अँडी हिल्डब्रँडने बाजारात आणलं तो आधी तेल शोधायच्या धंद्यात जमिनीखालच्या लहरींचं गणित करायचा, त्यामुळे तुझा कोमल गंधार कितीही खोल गाडला गेलेला असो, सापडतो. ऑर्केस्ट्राही तसाच. 'सैराट'साठी अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन खराखुरा सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, तुला कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेला असेल.

शूटिंग काशीदला कर किंवा कासला. ड्रोन उडव, ती पळतेय, तू मागे, ओढणी उडतेय. पळणारी अर्थातच गाणारी नसते. गाणारीचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये टाक, मेकअप, ड्रोन आणि स्पेशल थँक्सच्या खाली.

आता धंद्याचं नीट ऐक. स्पॉटिफायवर कुणी तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात. म्हणून तुझा मुखडा पहिल्या तीस सेकंदांत उरकायचा, रीलही त्याचीच. तिचा अंतरा दोन मिनिटं दहा सेकंदांनी सुरू होतो, म्हणजे हिशोबाच्या दृष्टीने ती गाण्यात नाहीच. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांसोबत गायकांनाही रॉयल्टीचा हक्क दिलाय, दुसऱ्या वर्षी गायकांची इस्रा नावाची संस्थाही निघाली, पण हे तिच्यासमोर कशाला बोलायचं? ताई आहे ती.

रिलीज झाल्यावर स्वतःच दुसऱ्या अकाउंटवरून कमेंट टाक, 'एक नंबर भावा, विषय हार्ड'. नावडणाऱ्यांची काळजी नको, यूट्यूबने 2021 च्या नोव्हेंबरपासून डिसलाइकचा आकडा झाकूनच ठेवलाय. एखादे काका लिहितील, आमच्या वेळी गाण्याला अर्थ असायचा. त्यांना हार्ट दे, ते खूश.

आणि मग खरी परीक्षा, हळद. गाणं हळदीत वाजलं की हिट, बाकी आकडे खोटे. माझं वाजलं बरं का. मावसबहिणीच्या हळदीत डीजेने लावलं, हूक आली तशी पोरं खुर्च्यांवर चढली, मावशी सगळ्यांना सांगत सुटली, आमच्या पोरीचं गाणं आहे, आत्याने माझा आवाज घ्यायचा म्हणून मोबाईल काढून रेकॉर्डिंग चालू केलं. मुखडा दोनदा झाला. मग मधलं म्युझिक सुरू झालं, बासरीचा तो तुकडा, ज्याच्यानंतर मी येते, आणि डीजेवाल्याने तिथेच दुसरं गाणं टाकलं. आत्या हळदीच्या हाताने मोबाईल उंच धरून तशीच उभी. "तुझं कधी येतं गं?"

पंगत बसली तरी तिचं रेकॉर्डिंग चालूच होतं.