'आकाशातले तारे कधीच मेलेत' हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

चार दिवस झाले, सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. आकाशात दिसणारे बहुतेक तारे कधीच मेलेत, आणि त्यांची अंतरं निव्वळ अंदाज, टेप घेऊन तिथे कोण गेलंय? वर हेही की देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) आधी 9 लाख प्रकाशवर्षं लांब सांगितली, आता 25 लाख म्हणतात (प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष). माझ्या भाचीने ते वाचून काल गच्चीवर विचारलं, मामा, ध्रुवतारा पण मेला का? म्हणून लिहितोय.

नाही मेला. तो सुमारे 440 प्रकाशवर्षं लांब आहे, म्हणजे आज दिसतोय तो उजेड शिवाजी महाराजांच्या जन्माआधीच निघालाय, पण ताऱ्यांचं आयुष्य लाखो ते अब्जावधी वर्षांचं असतं, त्यात चारशे वर्षं ती काय! नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळपास सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतलेच, व्याध तर 8.6 वर.

आता टेपचं. हात लांब करून अंगठा खिडकीच्या गजासमोर धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा सरकतो ना? दोन डोळ्यांमधलं अंतर आणि सरकलेला कोन माहीत असला की अंगठा किती लांब ते गणिताने निघतं. ताऱ्यांसाठी दोन डोळे म्हणजे पृथ्वीच्या सहा महिन्यांच्या फरकाने आलेल्या दोन जागा, मधलं अंतर 30 कोटी किलोमीटर. 1838 मध्ये बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातल्या 61 नंबरच्या ताऱ्याचा असा सरकलेला कोन मोजला, त्याचा निम्मा भरला 0.314 विकला (एका अंशाचे 3600 भाग केले की एक भाग म्हणजे एक विकला), म्हणजे रुपयाचं नाणं 14 किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढा!! त्यावरून अंतर आलं साधारण 10 प्रकाशवर्षं, आजचं मोजमाप 11.4. याला अंदाजपंचे म्हणायचं?

देवयानीचा आकडा बदलला हे मात्र खरंय, पण का बदलला ते मेसेजमध्ये नाही. काही तारे ठरावीक दिवसांनी फिके-तेजस्वी होतात, त्यांना सेफीड म्हणतात. जितका सावकाश तितका मुळात तेजस्वी, हे खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिटने 1912 मध्ये दाखवलं, आणि मूळ तेज कळलं की दिसतो किती फिका यावरून अंतर निघतं. खगोलशास्त्रज्ञ हबलने 1923 मध्ये देवयानीत असाच तारा पकडला, त्यावरूनच ते 9 लाख आले. पण सेफीड दोन जातींचे असतात आणि त्यांचं मूळ तेज वेगवेगळं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुढे अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या 200 इंची दुर्बिणीतून देवयानीतले जे फिके तारे दिसायलाच हवे होते ते दिसेनात, तेव्हा बाडे या खगोलशास्त्रज्ञाने 1952 मध्ये ही चूक जाहीर केली आणि अंतर एकदम दुप्पट झालं, पुढे मोजमाप सुधारत 25 लाखांवर आलं. चूक पकडली ती मोजणाऱ्यांनीच.

भाचीचा ध्रुवतारासुद्धा सेफीडच आहे. दर चार दिवसांनी किंचित फिका होतो आणि परत उजळतो.