म्यूनिकच्या आकड्यांनी तसं म्हटलंच नव्हतं

“घराण्यात वेड असेल तर ते पुढे उतरतंच. जर्मन शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वीच हे सिद्ध केलंय.” स्थळं बघणाऱ्यांच्या ग्रुपवर असा मजकूर फिरतो. त्यातलं ‘सिद्ध’ तेवढं तपासू.

जर्मन शास्त्रज्ञ म्हणजे बहुधा मनोविकारतज्ज्ञ एर्न्स्ट रूडिन. म्यूनिकला नामवंत मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनच्या हाताखाली त्याने ७०१ कुटुंबांतल्या भावंडांची माहिती जमवली आणि १९१६ मध्ये छापली. आजार होता डिमेन्शिया प्रीकॉक्स, म्हणजे आजचा स्किझोफ्रेनिया. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या साध्या नियमाने निरोगी आईबापांच्या पोटी चारात एक मूल आजारी निघायला हवं होतं. निघाली शंभरात साडेचार. आई किंवा वडील त्याच आजाराचे असले तरी आकडा ६.१८च. मग रूडिनने एकाऐवजी दोन आनुवंशिक घटक कल्पिले, म्हणजे सोळात एक, आणि गणित जुळवून घेतलं. ‘उतरतंच’ म्हणणाऱ्याने हे आकडे पाहिलेले नसावेत.

ते इतके खाली आले त्यालाही कारण आहे. रुग्णालयातल्या रुग्णापासून मोजणी सुरू केली की प्रत्येक कुटुंबात निदान एक आजारी सापडणारच. ज्या घरात कोणीच आजारी नाही ते घर मोजणीत येतच नाही, आणि आकडा फुगतो. ही फसगत दुरुस्त करण्याची रीत श्टुटगार्टच्या विल्हेल्म वाइनबर्ग या डॉक्टरने दिली होती आणि रूडिनने ती वापरली. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

“पण बहुतेक वेड्यांच्या घरी आधी कोणीतरी वेडं असतंच की!” झुरिचच्या येनी कोलर या संशोधिकेने १८९५ मध्ये तोच प्रश्न निरोगी माणसांनाही विचारला. नातलगांत मानसिक आजार, दारू, पक्षाघात, विक्षिप्तपणा असं काही आहे का? रुग्णांत सुमारे ७७ टक्के हो म्हणाले, निरोगी लोकांत ५९. निरोग्यांना विचारायचं इतरांना फारसं सुचलंच नव्हतं.

शिवाय त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळात कोण नव्हतं? सिफिलिसने मेंदू बिघडलेलेही तिथेच असत. नोगुची आणि मूर यांनी १९१३ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवले. पेलाग्रा या आजाराने भ्रमिष्ट झालेल्यांना आहारात नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडत होतं. यातलं काहीच घराण्यातून उतरलेलं नव्हतं.

“मग जर्मनीने वेड्यांच्या नसबंदीचा कायदा का केला?” कारण आकडे मागे पडले आणि राजकारण पुढे गेलं. १९३३च्या त्या कायद्यावरचं भाष्य लिहिणाऱ्यांत रूडिनच होता. उन्माद-अवसादाच्या (आजच्या बायपोलर) आजारावरचा त्याचा विसाच्या दशकातला अभ्यास अपेक्षेप्रमाणे निघाला नाही. तो त्याने छापलाच नाही. कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली.

आनुवंशिकतेचा वाटा खोटा नाही. नात्यात स्किझोफ्रेनिया असेल तर धोका वाढतो, सख्ख्या नात्यात जास्त. पण एकसारख्या जुळ्यांतही एकाला तो झाला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला होत नाही.