उसन्याचं इंग्रजी

रविवारी तांबडा-पांढरा ओरपून झाल्यावर माणसानं आडवं व्हावं. पण पुतणीची सोमवारी पाचवीची चाचणी होती आणि माझी दुपार तिच्या नावावर चढली होती. प्रश्न : बॉरो आणि लेंड यांतला फरक.

"काका, दोन्ही म्हंजे उसनंच की!"

पोरीचं काय चुकलं? जर्मनांचंही 'लाइहन' या एकाच क्रियापदावर देणं-घेणं दोन्ही भागतं. इंग्रजाला मात्र माल कुठल्या दिशेनं गेला याची भारी काळजी. घेणारा बॉरो करतो, त्याच्याबरोबर फ्रॉम. देणारा लेंड करतो, त्याच्याबरोबर टू. मी म्हटलं, "करवीर नगर वाचन मंदिरातनं आपण पुस्तक आणतो ते बॉरो. वाचन मंदिर १८५० पासून लोकांना पुस्तकं देतंय ते लेंड."

"आणि परत न्हाई दिलं तर?"

"ते क्रियापद चाचणीला नाही."

तेवढ्यात शेजारच्या वहिनी दारात. "वाटीभर चटणी घ्यायला आलो होतो. आमच्या मिरच्या अजून कांडपाला जायच्यात." कोल्हापुरात कांदा-लसूण चटणीला नाही म्हणत नाहीत.

"काकी, तुम्ही बॉरो करताय," पुतणी म्हणाली.

"काय करतोय?" वहिनींचा चेहरा एकदम मंगळवार पेठेतल्या तालमीसारखा झाला. मी घाईनं वाटी भरली.

इंग्रजाला चटणी काय, शिडी काय, लाख रुपये काय, सगळं बॉरोच. आपण आधी वस्तू बघतो. चटणी उसनी, कारण परत येते ती दुसरीच चटणी, बहुधा कमी तिखट. शिडी वापरायला न्यायची. ती तीच परत यायला हवी. (आमची दिवाळीपासून वरच्या गल्लीत 'वापरात' आहे.) दुकानात उधारी, बँकेत कर्ज. मित्राकडचे ते हातउसने. त्यांना व्याज नसतं, तारीखही नसते.

"काका, मग गणिताच्या मॅडम चुकत्यात."

"त्या कशाला आल्या मध्येच?"

"५२ वजा १७. दोनातनं सात जात न्हाईत, म्हणून दोन शेजारच्या पाचाकडनं दहा आणतो. मॅडम त्याला बॉरो म्हणत्यात. पण ते दहा परत कधी देतो?"

आमच्या वेळी त्याला हातचा घेणं म्हणायचे, त्यामुळं परतीची भानगडच नव्हती. हे कसं सांगावं या विचारात मी असताना वहिनी चटणीची वाटी सांभाळत उंबऱ्यात थांबल्या.

"त्यो दोन वरच्या गल्लीतला असंल बघ."