एकास बारा

डोंबिवलीत आमचा वनबीएचके आहे. त्यातल्या डायनिंग टेबलावर ओटी, पडवी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली आणि माळा असलेलं एक कोकणातलं घर उभं आहे. जेवायला आम्ही खाली बसतो. "बाहुल्यांना बाळंतपणाला वेगळी खोली, आणि माझ्या मुलीला अभ्यासाला कोपरा नाही," असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्या घरात मुळात बाहुल्या नाहीतच. पण हा मुद्दा मांडावा असं वातावरण अजून घरात तयार झालेलं नाही.

हे आमच्या रत्नागिरीकडच्या मूळ घराचं छोटं रूप. माप एकास बारा. खऱ्या घरातला एक फूट तो इथे एक इंच. जगभरचे बाहुलीघरवाले बहुतेक हेच माप धरतात, कारण हिशेब सोपा पडतो. सात फुटी दार सात इंचांचं, दीड फूट उंचीची खुर्ची दीड इंचाची. कागदावर सगळं ठरल्यासारखं लहान होतं. लाकूड, कापड, गोंद आणि माझी बोटं यांना मात्र ही बातमी कुणी दिलेली नसते.

तसं आपल्याला लहान वस्तूंचं वावडं नाही. भातुकली आहे, दिवाळीचा किल्ला आहे. पण माप हा प्रकार आपण कधी मनावर घेतला नाही. किल्ल्यावर महाराज बुरुजाहून उंच असतात, मावळा महादरवाजातून आत शिरूच शकत नाही, आणि पायथ्याला विहिरीपेक्षा मोठी गवळण खुशाल उभी असते. कुणाचं काही अडत नाही. माझंही अडत नसे. आता कुणाच्या अंगणातला किल्ला दिसला की मी मनातल्या मनात बारानं भागू लागतो आणि पुढ्यात आलेली चकली तशीच राहते.

स्वयंपाकघर त्यातल्या त्यात सोपं. साबुदाण्याचा दाणा चार मिलिमीटरचा, म्हणजे बाराच्या हिशेबानं पावणेपाच सेंटिमीटरचा. पिवळा रंग दिला की सुबक लाडू. मोहरी म्हणजे सुपाऱ्या. एक मूठ मोहरीत आख्ख्या गावाची लग्नं उरकतील. उलट बाजूनं हा हिशेब जरा भीतिदायक होतो. ओटीवर काळा मुंगळा चढला तर तो उंदीर, आणि रात्री दिवा लावल्यावर कौलावर पाल दिसली तर ती चार-साडेचार फुटांची घोरपड. कोकणातल्या घरावर घोरपड असायला हरकत नाही, पण ती मी केलेली नाही.

खरा छळ कापडाचा. वळणीवर नऊवारी लुगडं वाळत घालायचं होतं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, म्हणून सत्तावीस इंचांची पट्टी आईच्या जुन्या मऊ पातळातून कापली. ती वळणीवर टाकली तर दोन्ही टोकं आडवी, पत्र्यासारखी ताठ. कापडाला स्वतःच्या वजनानं झुकावं लागतं, आणि लांबी-रुंदी बारा-बारा पटींनी कमी केली की त्याचं वजन एकशे चव्वेचाळीस पटींनी कमी होतं, जाडी मात्र तीच राहते. मग फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यात पातळ बुडवायचं, थर्माकोलवर टाचण्यांनी एकेक चुणी बसवायची, वाळवायचं आणि ते सहज टाकल्यासारखं दिसतंय म्हणून समाधान मानायचं. बायकोचं म्हणणं, एवढ्या वेळात घरातले खरे कपडे घड्या करून झाले असते.

झोपाळ्यानं तर भौतिकशास्त्रच शिकवलं. सागवानी पाट, भुलेश्वरहून आणलेल्या बारीक साखळीच्या पितळी कड्या, सगळं मापात. गावी तो झोपाळा जेवणानंतर कुरकुरत संथ हलायचा. इथे बोट लावताच शिवणयंत्राच्या सुईसारखा खडखडायला लागला. लांबी बारा पट कमी झाली की झोका जवळजवळ साडेतीन पट भरभर जातो, त्याला इलाज नाही. माझ्या घरातला झोपाळा म्हणून फक्त बघायचा असतो. पाहुण्यांची मुलं हे ऐकत नाहीत.

आणि पडलेला तुकडा. फडताळाची कडी तीन मिलिमीटरची. चिमट्यातून ती खाली पडत नाही, उडते. टण्ण असा एक आवाज, मग शांतता. आमच्या घरात जुन्या मोझॅकच्या लाद्या आहेत, पांढऱ्यात काळे-तपकिरी-पिवळे ठिपके. जगातली कुठलीही लहान वस्तू सामावून घेण्यासाठीच त्या घडवलेल्या असाव्यात. अशा वेळी टॉर्च जमिनीवर आडवा ठेवायचा, म्हणजे बारीकशा कडीचीसुद्धा लांब सावली पडते. मी पोटावर पडून सावल्या बघत असतो, मुलगी कोचावर पाय वर घेऊन बसते, आणि केर काढायला आलेल्या मावशी दारात झाडू धरून विचारतात, "दादा, आज पन हॉल सोडू का?"

खर्चाचा विषय निघाला की मी इतिहासाचा आधार घेतो. ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या बाईंचं सतराव्या शतकाच्या अखेरीचं बाहुलीघर आहे. त्यावर त्यांनी कालव्याकाठच्या खऱ्या घराएवढा पैसा ओतला म्हणतात. "त्यांना कालव्याकाठी खरं घरही होतं ना?" बायको म्हणाली. "आपल्याला स्टेशनवरून शेअर रिक्षा आहे."

मग मी इंग्लंडमधल्या विंडसरला गेलो. म्हणजे बोलण्यात. तिथल्या राजवाड्यात राणी मेरीचं बाहुलीघर आहे, १९२४ साली पुरं झालेलं, तेही एकास बारा. त्यात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते, तळघरातल्या इवल्या बाटल्यांत खरी वाइन आहे. आराखडा एडविन ल्युटेन्सचा. हा गृहस्थ त्याच काळात दिल्लीत व्हाइसरॉयचा महाल बांधत होता, म्हणजे एकाच माणसाच्या टेबलावर दोन्ही नकाशे असणार. हाताशी शेकडो कारागीर. मला नागदेवी स्ट्रीटला लोकलच्या गर्दीतून जाऊन अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल आणावं लागतं, आणि परतताना सहप्रवाशाच्या कोपरानं ते मोडतं. शिवाय ल्युटेन्सच्या खांद्यावरून वाकून "मोरी कुठाय?" असं विचारायला त्याची आई आली नसणार.

माझी येते. आई लग्न होऊन त्या घरात गेली आणि पुढली वीस वर्षं तिनं तिथली चूल फुंकली, त्यामुळे हे घर ती शोभेची वस्तू म्हणून बघतच नाही. "चुलीमागची भिंत पांढरी कशी?" म्हणाली. मी काजळी लावली. "एवढी नाही रे, आम्ही सारवत होतो." मी काजळी पुसली. जात्याचा खुंटा झिजलेला हवा होता. पाणचुलीवर तांब्याचं भांडं हवं होतं. देवघराच्या कोनाड्यात समई बसते की नाही, हे तिनं नव्यानं केलेल्या चष्म्यातून तपासलं आणि शेवटी बाळंतिणीच्या खोलीत बराच वेळ डोकावून म्हणाली, "तू इथे झालास. खिडकी ठेवू नकोस, तेव्हा नव्हती. नंतर मी भांडून पाडून घेतली." मी बसवलेली खिडकी काढून भिंत लिंपली. मुलाचा जन्म आणि खिडकीचं भांडण यांत तिला काय जास्त आठवत होतं, हे मी विचारलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण गणपतीत नानाकाका आले. मूळ घराच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, आणि पडवी कुणाची यावरून नानाकाका आणि भाऊकाका माझ्या मुंजीपासून बोलत नाहीत. काकांनी घर बघितलं, कौलांवरून हात फिरवला, डोळे भरून आले. मग पडवीत बोट घालून त्यांनी विचारलं, "अरे, इथे भाऊचा पाट कसा?"

"काका, तो नुसता पाट आहे. कुणाचाच नाही."

"त्याला फोटो पाठवलास ना? तो म्हणणार, पुतण्यानंसुद्धा मान्य केलं."

फोटो कुणी पाठवला ते कळलं नाही, पण संध्याकाळी भाऊकाकांचा फोन आला. त्यांना पाटाबद्दल काही म्हणायचं नव्हतं. पडवी पूर्वेला पाऊण इंच कमी का भरते, एवढंच त्यांना हवं होतं. खऱ्या मापात ते नऊ इंच होतात, आणि ते नऊ इंच कुणी खाल्ले हे त्यांना ठाऊक होतं.

आता दोघांचंही एका गोष्टीवर एकमत झालंय, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. मी पडवीत मधोमध भिंत घालावी. कोकणातली चिऱ्याची भिंत दीड फुटाची, म्हणजे माझी दीड इंचाची. तेवढी जागा कुणाच्या बाजूनं घ्यायची ते ठरवायला दोघं रविवारी डोंबिवलीला येतायत. बायको म्हणाली, "या म्हणावं. पण जेवायला खाली बसावं लागेल."