फ्री लंचचा फॉर्म भरला म्हणून ग्रीन कार्ड अडकत नाही

ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या की अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरतो. सारांश असा: व्हिसावर असाल तर मुलाच्या शाळेतल्या फ्री लंचचा फॉर्म भरू नका, ‘पब्लिक चार्ज’ (सरकारी मदतीवर अवलंबून राहणारे) ठरून ग्रीन कार्ड अडकतं, सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारने दिलेला ओळख क्रमांक) द्यावा लागतो, मुलाला वेगळ्या रांगेत उभं करतात, आणि नोकरी असलेल्यांना ते मिळतच नाही. यातलं एकही विधान टिकत नाही. नुकसान मात्र ज्या घरात महिनाअखेर ओढाताण होते, त्याच घरातल्या मुलांचं होतं.

आधी ग्रीन कार्ड. सरकारी शाळेत मोफत शिकायला पात्र असलेल्या मुलाला नागरिकत्व किंवा व्हिसा पाहून शाळेचं जेवण नाकारता येत नाही, हे १९९६ च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. पब्लिक चार्जचा २०२२ चा नियम रोख मदत आणि सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहणं एवढंच बघतो. त्याआधीचा २०१९ चा नियम खूप कडक होता, त्यात फूड स्टॅम्प, म्हणजे किराण्यासाठीची सरकारी मदतही धरली होती. शाळेचं जेवण त्यातसुद्धा नव्हतं. २०२२ चा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये आला आहे. म्हणून ग्रीन कार्डचा अर्ज तोंडावर असेल तर ताजी स्थिती वकिलाला विचारा, ग्रुपला नको.

फॉर्मवर व्हिसाबद्दल प्रश्नच नसतो. सही करणाऱ्या एका मोठ्या माणसाच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे मागतात. एच-फोर किंवा एफ-टूवरच्या (जोडीदाराच्या नोकरीमुळे किंवा शिक्षणामुळे मिळणाऱ्या व्हिसावरच्या) आईकडे नंबर नसेल, तर ‘नंबर नाही’ या चौकटीत खूण करायची. एका घराचा एकच फॉर्म, मुलं कितीही असोत.

‘नोकरी असेल तर मिळत नाही’ हे तर आकड्यांनीच खोडून निघतं. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ४० सेंटला. २०२५-२६ साठी अलास्का आणि हवाई सोडून तिघांच्या घराला या मर्यादा ३४,६४५ आणि ४९,३०३ डॉलर आहेत, चौघांना ४१,७९५ आणि ५९,४७८. दोघंही आयटीत असतील तर प्रश्नच मिटला. पण ३२,००० डॉलरच्या असिस्टंटशिपवर पीएचडी करणारा बाबा, नोकरीची परवानगी नसलेली आई आणि पहिलीतलं मूल, हे घर मोफत जेवणात बसतं.

खरी गफलत पगार लिहिताना होते. बँकेत जमा झालेला आकडा लिहू नका. कर, विमा, ४०१-के (निवृत्तीसाठीची बचत) कापण्याआधीचा लिहा. दुसरी चूक गुणाकाराची. दर दोन आठवड्यांनी १,७०० डॉलर मिळत असतील तर लोक २४ ने गुणतात, ४०,८०० येतात, आणि चौघांचं घर मोफतमध्ये बसलंसं वाटतं. दोन आठवड्यांचे पगार वर्षात २६ होतात: ४४,२००, म्हणजे सवलतीचा दर. महिन्यातून दोनदा पगार होत असेल तरच २४. सगळ्यांत बरं म्हणजे स्वतः गुणाकार करूच नये. पे-स्लिपवरचा आकडा लिहावा आणि तो किती दिवसांनी मिळतो त्या चौकटीत खूण करावी. शाळा-जिल्हे (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी कार्यालयं) काही फॉर्म निवडून दरवर्षी १५ नोव्हेंबरपर्यंत पडताळतात. तुमचा निवडला गेला आणि पे-स्लिपा वेळेत दिल्या नाहीत, तर पात्र असूनही सवलत जाते.

वेगळी रांग? सवलत घेणारं मूल ओळखू येईल अशी कोणतीही पद्धत शाळेला नियमानेच मनाई आहे. बऱ्याच प्राथमिक शाळांत सगळीच मुलं ट्रे घेऊन पुढे येतात आणि आपला पिन दाबतात. कधी घरचा पोळीभाजीचा डबा नेला तरी मंजुरी जात नाही.

कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मिशिगनसारख्या राज्यांत सरकारी शाळांत सगळ्यांनाच जेवण मोफत आहे. इतरत्रही काही शाळा समुदाय पात्रतेखाली (कम्युनिटी एलिजिबिलिटी, म्हणजे गरजू मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीची सोय) सगळ्यांना देतात. आपली शाळा त्यांत आहे का, हे ऑफिसात एकदा विचारून घ्या.

एकदा मंजुरी मिळाली की वर्षभर चालते, मध्ये पगार वाढला तरी कळवायची सक्ती नाही. नव्या वर्षात मात्र जुनी मंजुरी शाळेचे पहिले ३० दिवसच धरतात. तोवर नवा फॉर्म गेला नाही तर पूर्ण दर लागू होतो, आणि अर्ज देण्याआधी खात्यावर चढलेली उधारी नंतर मंजुरी आली तरी तुमच्याच नावावर राहते.