दुबई दीड तासावर नाही, आणि औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका
सोलापुरातल्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, काल तो आमच्या आत्यापर्यंत पोचला म्हणून लिहावं लागतंय. मेसेज असा: मुंबई ते दुबई फक्त दीड तास. येताना त्याहून कमी, कारण विमान वर असताना पृथ्वी खालून फिरते नि मुंबई आपणहून जवळ येते. कंपन्या पैसे काढायला मुद्दाम वाकडी वाट घेतात. आणि एवढ्याशा प्रवासाला औषधं हातात कशाला, टाका मोठ्या बॅगेत.

आत्या पोराकडे निघालीय, इन्सुलिनवर आहे, आणि तिने खरंच इन्सुलिन टोचायची पेनं मोठ्या बॅगेत साडीच्या घडीत गुंडाळून ठेवली होती! अहो, विमानाच्या पोटात सामान असतं तिथे गारठा असू शकतो, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी वापरायचं नसतं. बॅग भलतीकडे गेली तर अजूनच पंचाईत. इन्सुलिन, शुगर तपासायचं मशीन, डॉक्टरची चिठ्ठी, खायला काहीतरी, सगळं हातातल्या पिशवीत ठेवा. आणि इथून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस, मग विमानतळावर तीन तास आधी, मग विमान, मग तिकडे इमिग्रेशनची लाइन, हा सगळा वेळ धरून खायचं-टोचायचं डॉक्टरला विचारून ठरवा.

दीड तास आला कुठून? दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. मुंबईहून सकाळी 10 ला सुटलेलं विमान तिकडच्या पावणेबाराला उतरतं, तिकिटावर पावणेदोन तास वाटतात, बसावं लागतं सव्वातीन तास. अंतरच 1,900 किमीच्या पुढे आहे, ताशी 850-900 ने जाणारं विमान दीड तासात पोचेल कसं? त्याच तिकिटावर येतानाच्या वेळा बघा की, तिथे घड्याळाचा तोच दीड तास उलटा वाढून चार तासांच्या वर दिसतात, मग म्हणे येताना कमी!

पृथ्वीचं तर सरळ उलटंच सांगितलंय. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे खरंच विमानाखालून सरकत असती तर मुंबई जवळ आली नसती, लांब पळाली असती. मुंबईच्या अक्षांशावर तो वेग ताशी 1,500 किमीच्या वर आहे, विमान 900 ने जाणार, म्हणजे ते कधी पोचलंच नसतं. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या एसटीत शेंगदाणा वर उडवा, तुमच्याच हातात पडतो, मागच्या सीटवर जात नाही.

बरं, येताना विमानात बसायची वीस-तीस मिनिटं वाचतात, हिवाळ्यात तर नक्कीच, एवढं खरंय. पण ते वाऱ्यामुळे. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, जेट स्ट्रीम. जपानमध्ये तातेनोच्या वेधशाळेत वासाबुरो ओईशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून सोडून तो मोजला आणि 1926 मध्ये छापलाही, शंभर वर्षं होत आली. त्या वाऱ्याची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, तेवढं मान्य. पण पावसाळ्यात हा वारा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि आपल्याकडचा हा फायदा घटतो, पृथ्वी मात्र तेव्हाही तेवढ्याच वेगाने फिरत असते ना?

वाकड्या वाटेचं काय, गोल पृथ्वी चपट्या नकाशावर काढली की सरळ वाट वाकडी दिसतेच, शिवाय इंधन हाच कंपनीचा मोठा खर्च, तो स्वतःहून कोण वाढवेल.

ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय त्यांनी आजच त्याच ग्रुपवर निदान औषधांबद्दल खुलासा टाका, आत्यासारखं अजून कोणीतरी बॅग भरत असेल.